मोगलीचे मोठे होणे : ‘जंगल बुक’, त्याची रूपांतरे आणि दूरदर्शनवर वाढलेली पिढी (१८९३ ते २०२०)

प्रस्तावना :

बालपणी पाहिलेले कार्टून मोठेपणीही आवडणे ही गोष्ट आपल्याकडे थट्टेवारी नेली जाते. नोकरीला लागलेला मुलगा किंवा दोन मुलांची आई एखाद्या जुन्या कार्टूनचे शीर्षकगीत लागताच काम थांबवून उभी राहिली, तर ‘अजून लहानच आहेस का?’ असा प्रश्न घरातूनच येतो. या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे. बालपण हा मागे टाकण्याचा टप्पा असून त्यातील आवडी जो टाकत नाही तो पुरता मोठा झालेला नाही, असे ते गृहीतक होय. वाङ्मयाच्या बाबतीत आपण इतके कठोर नसतो. साने गुरुजींचे पुस्तक पन्नाशीत पुन्हा वाचणाऱ्यास कोणी पोरकट म्हणत नाही. मग कार्टूनलाच हा न्याय का लावावा?

या प्रश्नाचे उत्तर केवळ मानसशास्त्राच्या आधारे देता येणार नाही. कोणते कार्टून, कोणत्या काळी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या परिस्थितीत पाहिले गेले, याचा इतिहास तपासल्याशिवाय त्या आवडीचा अर्थ लागत नाही. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘जंगल बुक’ हे एकच उदाहरण घेतले आहे. रुडयार्ड किपलिंग यांच्या कथा, त्यांवरील जपानी कार्टून मालिका, १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेले तिचे हिंदी रूप आणि २०१६ मधील चित्रपट अशी ही साखळी आहे. एकाच पात्राच्या आधारे बालपण, प्रौढत्व आणि रूपांतर यांचे परस्परसंबंध पाहण्यास असे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) मोगलीच्या कथेत ‘मोठे होणे’ या कल्पनेचे स्वरूप काय आहे, हे पाहणे.
२) निरनिराळ्या रूपांतरांत या कल्पनेत झालेले बदल शोधणे.
३) दूरदर्शनवरील हिंदी मालिकेने एका पिढीच्या स्मृतीत कोणते स्थान मिळवले व का, याची कारणमीमांसा करणे.
४) प्रौढपणी टिकून राहणाऱ्या या आवडीचे चिकित्सक मूल्यमापन करणे.

लेखाची पद्धती ऐतिहासिक व तौलनिक आहे.

१. आधी तरुण, मग बालक :

किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिल्पकला शिकवीत असत आणि त्याच आवारात कुटुंबाचे वास्तव्य होते. आया व हिंदू नोकर यांच्या सहवासात हा मुलगा वाढला. त्याच्या तोंडी प्रथम आली ती येथील बोली, आणि आईवडिलांसमोर जाताना इंग्रजीत बोलण्याची आठवण नोकरांना करून द्यावी लागे, असे त्याने उत्तरायुष्यातील आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८७१ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, त्याला धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवण्यात आले. तेथील काही वर्षे त्याच्या मनावर कायमचा ओरखडा उमटवून गेली. आपल्या माणसांतून तुटलेले आणि परक्यांत वाढणारे मूल हा विषय त्याला कोठून मिळाला, याचे एक उत्तर येथे आहे.

१८८२ मध्ये किपलिंग पत्रकार म्हणून लाहोरला परतले आणि १८८९ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. मोगलीच्या कथा त्यानंतर, अमेरिकेतील व्हरमाँट येथे राहत असताना लिहिल्या गेल्या. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये व ‘द सेकंड जंगल बुक’ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यातील सातांपैकी तीन व दुसऱ्यातील आठांपैकी पाच कथा मोगलीच्या आहेत. या कथांची पार्श्वभूमी सिवनीच्या डोंगररानांची. आज हा जिल्हा मध्य प्रदेशात असून त्यातील पेंचचे अरण्य नागपूर जिल्ह्यात सलग उतरते. लेखक मात्र आठवणीतून, वाचनातून आणि कल्पनेतून हे रान हजारो मैलांवर बसून उभे करीत होता. म्हणजे मूळ पुस्तक हेच मुळी एका प्रौढाने दुरून आठवलेले बालपण आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची बाब अशी की, मोगली वाचकांसमोर प्रथम आला तो बालक म्हणून नव्हे. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन द रुख’ या कथेत तो उमदा तरुण आहे. इंग्रज वनाधिकाऱ्याला तो रानात भेटतो, त्याचे कसब पाहून त्याला वनखात्याच्या चाकरीत घेतले जाते आणि त्याचे लग्नही होते. त्याचे बालपण लेखकाने त्यानंतर रचले. वाचकाने लाडका मानलेला लांडग्यांचा पोर हा कथाकाराच्या मनात आधीच मोठा होऊन सरकारी नोकरीत शिरला होता. दुसऱ्या पुस्तकातील अखेरच्या कथेत सतरा वर्षांचा मोगली वसंत ऋतूत बेचैन होतो, आणि ज्यांनी त्याला वाढवले त्यांचा निरोप घेऊन माणसांकडे निघतो. रान कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाही. त्याचे वयच त्याला बाहेर काढते. बालवाङ्मय म्हणून वाचल्या जाणाऱ्या या ग्रंथाचा शेवट असा निरोपाचा आहे.

२. रूपांतरांची परंपरा आणि शेवटांचा प्रश्न :

प्रत्येक काळाने हा निरोप आपापल्या सोयीने बदलून घेतला. १९१६ मध्ये बेडन-पॉवेल यांनी बालवीर चळवळीतील लहान मुलांच्या शाखेसाठी याच कथांतील नावे व संकेत उचलले. त्यामुळे ‘अकेला’ हे पथकप्रमुखाचे नाव झाले आणि रानातील शिस्त नागरी शिस्तीचा पाठ बनली. १९४२ मध्ये झोल्टान कोर्डा यांच्या चित्रपटात म्हैसूर संस्थानातील एका माहुताचा मुलगा असलेल्या साबूने मोगली साकारला.

कार्टूनच्या रूपात मोगली जगभर पोहोचला तो १९६७ मध्ये. डिस्नेच्या या चित्रपटाचे काम वॉल्ट डिस्ने यांच्या देखरेखीखाली झाले, परंतु डिसेंबर १९६६ मध्ये त्यांचे निधन झाल्याने पूर्ण चित्रपट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मूळ कथेत मोगलीचा मित्र व तारणहार असलेला का हा अजगर येथे खलपात्र झाला. किंग लुई हा वानरराजा मूळ पुस्तकात नाहीच. तो येथे नव्याने निर्माण झाला. शेवटी मोगली गावातील एका मुलीमागून चालत जातो आणि बल्लू व बघीरा गाणे गात परततात. निरोपातील वेदना तेथे हलक्या हास्यात विरली. त्याच १९६७ मध्ये सोव्हिएत रशियात रोमान दाविदोव यांच्या ‘माउगली’ या चित्रमालेचा पहिला भाग तयार झाला. १९७१ पर्यंत पूर्ण झालेल्या त्या पाच भागांचा सूर गंभीर आहे आणि त्यातील बघीरा मादी आहे. शीतयुद्धातील दोन परस्परविरोधी राष्ट्रे एकाच वर्षी एकाच हिंदुस्थानी पोराचे बालपण आपापल्या परीने रेखाटत होती!

यानंतर येते ती जपानी मालिका. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने तयार केलेली ही ५२ भागांची मालिका १९८९-९० मध्ये जपानमध्ये दाखवली गेली. फुमिओ कुरोकावा हे तिचे दिग्दर्शक होते. ५२ भागांच्या विस्तारामुळे मूळ आठ कथांना नवी पात्रे व नवे प्रसंग जोडणे भाग पडले. किची हा लाल पांडा त्यांपैकी एक. सिवनीच्या रानात लाल पांडा असण्याची सुतराम शक्यता नाही, कारण तो हिमालयाच्या पूर्व भागातील प्राणी आहे. तरीही भारतातील एका पिढीच्या मनातील मध्य भारताच्या जंगलात तो कायमचा वस्तीला आहे. रूपांतर मुलाच्या मनात भूगोलही नव्याने रचते, हे या उदाहरणावरून दिसते.

३. रविवारची सकाळ :

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यानंतर आणि विशेषतः ‘रामायण’ (१९८७-८८) व ‘महाभारत’ (१९८८-९०) या मालिकांनंतर रविवारची सकाळ ही घरादाराने एकत्र बसण्याची वेळ ठरली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत उपग्रह वाहिन्यांचा शिरकाव झाला. १९९२ मध्ये पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी आली आणि १९९५ मध्ये केवळ कार्टूनसाठी स्वतंत्र वाहिनीही भारतात सुरू झाली. या दोन घटनांच्या मधल्या अरुंद फटीत, १९९३ मध्ये, ‘जंगल बुक’ दूरदर्शनवर आले.

हा कालखंड ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कार्टून दिवसाचे चोवीस तास उपलब्ध झाल्यावर त्याची वाट पाहणे संपले. १९९३ मध्ये मात्र आठवड्यातून एकदाच ते दिसे. वीज गेली तर तो भाग गेलाच. ज्यांच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता ती मुले शेजारच्या घरी, दाराशी चपला काढून, जमिनीवर बसत. मुंबईच्या चाळीत, तालुक्याच्या गावी आणि जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच क्षणी तेच चित्र दिसत होते. सोमवारी शाळेत त्यावर बोलता येत होते, कारण सर्वांनी तेच पाहिलेले असे. या मालिकेविषयीच्या आजच्या जिव्हाळ्याचा मोठा भाग या सामायिकतेचा आहे. चित्रांच्या गुणवत्तेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते एकत्र पाहणे स्मरणात राहिले.

त्याच दशकात दूरदर्शनवर डिस्नेच्या ‘टेलस्पिन’ या मालिकेतून विमान चालवणारा बल्लू आणि कोट घातलेला उद्योगपती शेरखानही हिंदीत अवतरले. मुलांना त्यात काही विसंगती वाटली नाही. एकच पात्र अनेक रूपांत नांदू शकते, ही गोष्ट कीर्तन, दशावतार आणि मालिका यांतून तोच राम व तोच कृष्ण निरनिराळ्या रूपांत पाहणाऱ्या समाजाला नवी नव्हती.

४. आवाजाची मालकी :

जपानी चित्रे, इंग्रज लेखक आणि हिंदी आवाज अशी ही मालिका होती. भारतीय प्रेक्षकाने तिला आपले मानले ते प्रामुख्याने आवाजामुळे. शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले व त्याला विशाल भारद्वाज यांनी चाल दिली. भारद्वाज यांच्या कारकिर्दीचा तो आरंभकाळ होता. लहान मुलाच्या नेसण्यातील साध्या कपड्याचा उल्लेख त्या गीतात आला, आणि तो शब्द सभ्य आहे की नाही यावरून तेव्हा कुरकुर झाल्याचे सांगितले जाते. तो शब्द टिकला. मुलांनी ते गाणे तत्काळ उचलले, याचे एक कारण हेच असावे की त्यात मुलांच्या बोलण्यातला शब्द होता, मोठ्यांनी मुलांसाठी निवडलेला नव्हता.

शेरखानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. ‘परिंदा’ (१९८९) व ‘प्रहार’ (१९९१) या चित्रपटांमुळे त्यांच्या आवाजातील थंड जरब प्रेक्षकांना परिचित झाली होती. मुरुड-जंजिऱ्याचा हा नट मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेचा विद्यार्थी. ज्या आवारात किपलिंग जन्मले त्याच कलाशाळेच्या परंपरेतून, शतकाहून अधिक काळानंतर, शेरखानचा हिंदी आवाज यावा हा योगायोग खरा, पण बोलका आहे. मराठी घरांतील मुलांना हिंदी पूर्ण समजत नसे. तरी वाघाच्या दरडावणीतला मराठमोळा ठसका त्यांना ओळखीचा वाटे.

येथे एक उणीव नोंदवली पाहिजे. नाना पाटेकरांचे नाव सर्वांच्या लक्षात आहे. मोगली, बल्लू, बघीरा यांना बोलते करणाऱ्या कलावंतांची नावे लोकस्मृतीत तितकी टिकली नाहीत. ज्यांचा आवाज आपण आयुष्यभर कानात बाळगतो, त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते. डबिंग हे दुय्यम, यांत्रिक काम मानण्याच्या वृत्तीचा हा परिणाम आहे. या पिढीचे प्रेम खरे असेल, तर त्याने आधी हे ऋण फेडले पाहिजे.

५. २०१६ : मुलांचा चित्रपट, मोठ्यांची गर्दी :

जॉन फॅवरो दिग्दर्शित ‘द जंगल बुक’ भारतात ८ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या एक आठवडा आधी प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीसाठी शेरखानचा आवाज पुन्हा नाना पाटेकर यांचाच घेण्यात आला. बल्लूला इरफान खान, बघीराला ओम पुरी, का या अजगराला प्रियांका चोप्रा व राक्षा या लांडगीणीला शेफाली शाह यांनी आवाज दिला. चित्रपटाच्या भारतातील प्रसिद्धीसाठी गुलजार व भारद्वाज यांचे १९९३ चे गीत नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. वस्तुतः डिस्नेच्या चित्रपटाशी त्या गीताचा काही संबंध नव्हता. ते दुसऱ्याच संस्थेच्या जपानी मालिकेचे गीत होते. परंतु भारतीय प्रेक्षकाच्या मनात मोगली म्हणजे ते गीत, हे निर्मात्यांनी अचूक हेरले. प्रौढांच्या स्मृतीला येथे बाजारमूल्य प्राप्त झाले. तोपर्यंत भारतात प्रदर्शित झालेल्या हॉलिवूड चित्रपटांत सर्वाधिक उत्पन्न या चित्रपटाने मिळवले.

१९९३ मध्ये आठ-दहा वर्षांची असलेली मुले २०१६ मध्ये तिशीत होती. त्यांपैकी अनेकांच्या हाताला धरून त्यांची मुले आली होती. परीक्षण मंडळाने या चित्रपटास ‘यू/ए’ प्रमाणपत्र दिले, म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली तो पाहावा असे ठरवले. त्या निर्णयावर बरीच टीका झाली. तथापि त्यामुळे एक वस्तुस्थिती नकळत अधोरेखित झाली. मुलांबरोबर मोठ्यांनी यावे, असे सांगण्याची गरजच नव्हती. मोठे स्वतःच्या ओढीने आले होते.

या चित्रपटाचा शेवट मात्र विचार करायला लावणारा आहे. किपलिंगचा मोगली रान सोडतो. १९६७ चा मोगलीही सोडतो. २०१६ चा मोगली रानातच राहतो. त्याला मोठे होऊन निघून जावे लागत नाही. ज्या रूपांतराचा प्रेक्षक मोठ्या प्रमाणावर प्रौढ होता, त्याच रूपांतरात मोठे होणे टाळले गेले, ही संगती योगायोगाची वाटत नाही. गाव, कार्यालय आणि शहर यांत स्थिरावलेल्या प्रेक्षकाला निरोप पुन्हा पाहायचा नव्हता. त्याने तो स्वतः घेऊन झाला होता.

पुढे १९९३ ची मूळ मालिका एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनवर पुन्हा दाखवली गेली. घरे बंद होती आणि बाहेरचे जग थांबले होते. सत्तावीस वर्षांपूर्वीची सवय त्या वेळी आधार म्हणून परत आली.

६. मराठीतील एक समांतर उदाहरण :

अशीच एक वाट मराठीत ‘फास्टर फेणे’ने चोखाळली. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश फेणे पुस्तकांतून शाळकरी राहिला. १९८० च्या दशकात दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांनी तो साकारला. २०१७ मधील आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात मात्र अमेय वाघ यांनी रंगवलेला फेणे हा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण आहे. त्यात दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भागवतांची भूमिका केली. लेखक म्हातारा झाला, नायक तरुण झाला आणि वाचक दोघांच्या मध्ये कोठेतरी उभा आहे. मोगलीला लहानच ठेवणे आणि फेणेला मोठे करणे, हे एकाच प्रश्नाला दिलेले दोन पर्याय होत. दुसऱ्या पर्यायात जोखीम अधिक आहे, परंतु त्यात वाचकाच्या वयाचा मानही अधिक राखला जातो.

७. आवडीची चिकित्सा :

या आवडीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला पोरकटपणाचा. वरील विवेचनावरून तो टिकत नाही. या कथेचा उगमच एका प्रौढाच्या स्मरणात आहे आणि तिचा विषय बालपण सोडणे हा आहे. तो निरोप लहानपणी कळत नाही. तिशीत कळतो. म्हणजे पुन्हा पाहणारा प्रौढ हा या कथेचा आगंतुक प्रेक्षक नसून तिचा पुरता वाचक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. किपलिंग हे साम्राज्याचे समर्थक होते. ‘इन द रुख’ मध्ये मोगलीचे सारे रानटी सामर्थ्य अखेर ब्रिटिश वनखात्याच्या सेवेत रुजू होते. हे तेच खाते आहे, ज्याच्या कायद्यांनी या देशातील आदिवासींचे रानावरील पिढीजात हक्क आक्रसले. माकडांच्या ‘बंदरलोग’ या बेशिस्त टोळीच्या वर्णनात हिंदी समाजाविषयीची वसाहतवादी तुच्छता अनेक अभ्यासकांना जाणवली आहे. रविवारी सकाळी जमिनीवर बसलेल्या मुलाला यातले काही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसणे हा त्याचा दोष नव्हता. मोठ्या माणसाला मात्र ही सबब पुढे करता येणार नाही.

मग प्रेम टाकावे काय? प्रस्तुत लेखकाचे मत तसे नाही. भारतीय प्रेक्षकाने जे जपले ते किपलिंगचे साम्राज्य नव्हे. एका जपानी मालिकेला लाभलेली हिंदी वाणी, एक गीत आणि एक वाघ त्याने जपला. मूळ ग्रंथातील सत्ताभाव या प्रवासात बराच गळून गेला. तो पूर्णपणे गळाला असे मात्र समजू नये. प्रेम राखावे आणि माहितीही करून घ्यावी. मोठे होणे याचा अर्थ आवड सोडणे असा नसून, जे आवडते त्याचा इतिहास पत्करणे असा आहे.

निष्कर्ष :

१) मोगलीची कथा मुळातच मोठे होण्याची व निरोपाची कथा आहे. तिचा नायक लेखकाच्या मनात आधी तरुण होता, मग बालक झाला.
२) रूपांतरांतील शेवटांचे बदल त्या त्या काळच्या प्रेक्षकाच्या गरजा दर्शवतात. २०१६ च्या चित्रपटातील ‘रानातच राहणे’ हे प्रौढ स्मरणरंजनाशी सुसंगत आहे.
३) दूरदर्शनवरील मालिकेचे स्थान चित्रांपेक्षा सामायिक वेळ, हिंदी आवाज आणि गीत यांमुळे पक्के झाले. म्हणून डबिंग कलावंतांच्या कार्याची रीतसर नोंद व जतन होणे आवश्यक आहे.
४) बालपणीच्या कार्टूनविषयीची प्रौढांची आवड हा अपरिपक्वतेचा पुरावा ठरत नाही. चिकित्सेची जोड मिळाल्यास ती सांस्कृतिक इतिहासाचे मौलिक साधन ठरते.

किपलिंगच्या कथेत रान सोडून निघालेल्या मोगलीला त्याचे जुने सोबती दार बंद करीत नाहीत. तो माणसांत गेला तरी रान त्याचेच राहील, अशी ग्वाही त्याला मिळते. दूरदर्शनसमोर वाढलेल्या पिढीला तिच्या बालपणाने दिलेली ग्वाही याहून वेगळी नाही.